मागच्या बाजूला लिहिलेलं होतं

आमच्या महाविद्यालयाच्या डिजिटल संग्रहात एक फोटो आहे. फाइलचं नाव 'स्कॅन ००४७'. जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गंजीपुढे अकरा माणसं ओळीनं उभी आहेत. दोघांच्या अंगात कोट, बाकीचे सदरा-धोतरात. एका टोकाला एक पोरगं अनवाणी उभं आहे, हातात तराजूचं पारडं धरून. नोंदीत शीर्षक लिहिलंय 'जुना फोटो'. साल २०१६. भाषा इंग्रजी.

२०१६ हे फोटो काढल्याचं साल नाही, स्कॅन केल्याचं आहे. आणि भाषा इंग्रजी का, ते पुढे सांगते.

दोन वर्षांपूर्वी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून एक आजी नातवासोबत ग्रंथालयात आल्या. फोटो त्यांच्याच घरचा होता. आजींना नातवाला आपल्या सासरची जुनी माणसं दाखवायची होती. पडद्यावर फोटो उघडला, आजी बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "मांगच्या बाजूनं साऱ्याइचे नावं लिहेल होते ना बाई. ते नाही घेतले का तुमी?"

नव्हते घेतले. स्कॅनिंगचं काम ज्याला दिलं होतं त्याला पानामागे पैसे मिळायचे, आणि करारात फोटोची मागची बाजू 'पान' म्हणून धरलेली नव्हती. मूळ फोटो आजींच्या घरी परत गेला होता. पुढच्याच पावसाळ्यात घराची मातीची भिंत बसली आणि तिच्याखाली कागदपत्रांची ट्रंक गेली. पेन्सिलनं लिहिलेली ती अकरा नावं आता कुठेच नाहीत. आजींना त्यातली तीन आठवली.

गेल्या दहा-बारा वर्षांत विदर्भातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांत असे संग्रह उभे राहिले. महाविद्यालयांनी केले, जुन्या वाचनालयांनी केले, एखाद्या मठानं, एखाद्या सहकारी संस्थेनं केले. बहुतेकांची कथा एकच आहे. अनुदान आलं, ते मार्चअखेर संपवायचं होतं, म्हणून स्कॅनर आणि सर्व्हर घेतला, कंत्राटदारानं भराभर पानं उरकली, फीत कापली गेली, मूल्यांकन समिती आली तेव्हा पडद्यावर दाखवलं. त्यानंतर या संग्रहाची निगा कोणी राखायची, नोंदी कोणी तपासायच्या, सर्व्हर बंद पडला तर कोणी उठून बघायचं, यासाठी ना पद, ना लेखाशीर्ष.

माझं म्हणणं असं आहे की संग्रह उभारायला एकरकमी पैसा देण्याची ही रीत थांबवली पाहिजे आणि निगेसाठी दरवर्षी पैसा दिला पाहिजे. सर्व्हर तालुक्यातून उचलून अनेक संस्थांनी मिळून एका ठिकाणी ठेवावा. नोंद मात्र गावातच व्हावी, गाव ओळखणाऱ्या माणसाच्या हातून. आज नेमकं उलटं चाललंय. यंत्र गावात आहे आणि नोंद करणारा बाहेरून येऊन निघून गेलेला आहे.

आधी यंत्राचं बघू. आपल्याकडे असे संग्रह असलेल्या बहुतेक महाविद्यालयांत ते चालवायला डीस्पेस नावाची प्रणाली वापरतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या ग्रंथालयानं आणि ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेनं मिळून ती २००२ मध्ये खुली केली. ती फुकट मिळते, म्हणून प्रस्तावात तिच्या नावापुढे शून्य रुपये लिहिले जातात. दानात मिळालेल्या गाईलाही वैरण लागते, हे प्रस्ताव लिहिताना कोणाच्या ध्यानात येत नाही. डीस्पेस एकटं चालत नाही. त्याच्याखाली जावा लागतं, टॉमकॅट लागतं, नोंदी साठवायला पोस्टग्रे नावाचा डेटाबेस लागतो, आणि शोध चालावा म्हणून सोलर नावाचं वेगळं इंजिन. या चारही गोष्टींच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात. एकीला हात लावला की दुसरी रुसते.

आता यात आपली विजेची लाइन घाला. एप्रिल-मे महिन्यात दुपारची लाइन गेली की यूपीएसवर सर्व्हर तासभर चालतो, मग अचानक बंद पडतो. रीतसर बंद करायला तिथे कोणी नसतं. लाइन आल्यावर तो आपोआप सुरू होतो, मुखपृष्ठ दिसतं, संस्थेचं बोधचिन्ह दिसतं, सगळं ठीक वाटतं. पण सोलरचा निर्देशांक, म्हणजे ज्यावरून शोध चालतो ती सूची, मध्येच तुटलेला असतो. त्यामुळे काहीही शोधा, उत्तर येतं शून्य. आमच्याकडे हे सहा आठवडे चाललं होतं. संग्रह चालू दिसत होता आणि त्यात काही सापडत नव्हतं. एम.ए.च्या एका मुलीनं 'कापूस एकाधिकार' शोधून पाहिलं, काही मिळालं नाही, तिनं विषयच बदलला. त्या विषयावरचे सहकारी खरेदी-विक्री संघाचे अहवाल आमच्याच संग्रहात होते. मला हे कळलं तेव्हा तिचं प्रबंधाचं प्रकरण लिहून झालं होतं.

यूपीएसच्या बॅटरीचंही तसंच. शिशाच्या बॅटरीला पंचवीस अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. त्यापुढे दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. आमच्या भागात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं आणि सर्व्हरच्या खोलीतला एसी 'रात्री तिथं कोण असतं' म्हणून संध्याकाळी बंद होतो. पाच वर्षं चालेल म्हणून घेतलेली बॅटरी दुसऱ्या उन्हाळ्यात फुगते. ती बदलायचा खर्च कोणत्या खात्यातून टाकायचा, यावर कार्यालयात महिनाभर कागद फिरतो, आणि तोवर सर्व्हर उघड्या लाइनवर. पहिल्या पावसात वीज कडाडते ती याच काळात.

वीज सांभाळली तरी पुढचं सुटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे नावाच्या, जावावाल्या असंख्य प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या एका भागात सुरक्षेचं मोठं भोक सापडलं आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी सुट्ट्या सोडून दुरुस्त्या केल्या. सोलरसुद्धा त्यात होतं. आपल्याकडच्या एकट्या पडलेल्या सर्व्हरांवर ती दुरुस्ती कोणी केली असेल? सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीची सेंटओएस ७ ही आवृत्ती आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी घातलेली होती. तिच्या सुरक्षा दुरुस्त्या ३० जून २०२४ ला थांबल्या. डीस्पेसची सातवी आवृत्ती ऑगस्ट २०२१ मध्ये आली आणि तिनं दर्शनी बाजू पूर्ण बदलली. जुन्या आवृत्तीवरून तिच्यावर जाणं हे बटण दाबण्याइतकं सोपं नाही, शिवाय तिला मेमरीही जास्त लागते. म्हणून बरेच संग्रह जिथे होते तिथेच अडकले. संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण ते नव्वद दिवसांचं असतं. नूतनीकरणाची आज्ञा सर्व्हरवर लावलेली नसेल तर चौथ्या महिन्यात विद्यार्थ्याला लाल इशारा दिसतो, आणि गावात बातमी पसरते की कॉलेजच्या साइटवर व्हायरस आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेनं तर डोमेनच वेळेत भरलं नाही. आता त्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती चालतात, आणि तो पत्ता काही प्रबंधांच्या संदर्भांत छापला गेला आहे.

एक खूण मी कोणत्याही संग्रहात पहिल्यांदा बघते. कायमच्या पत्त्यासाठी डीस्पेस 'हँडल' नावाची व्यवस्था वापरतं. प्रत्येक संस्थेनं स्वतःचा क्रमांक नोंदवून घ्यायचा असतो. नोंदवला नाही तर प्रणाली १२३४५६७८९ हा नमुन्याचा क्रमांक लावून देते. पत्त्यात हा क्रमांक दिसला की समजावं, उभारणी झाल्यावर इथं परत कोणी बसलेलं नाही. तुमच्या जवळच्या महाविद्यालयाचा संग्रह उघडून बघा. हा क्रमांक सापडला तर प्राचार्यांना भेटा आणि विचारा.

म्हणून माझं मत ठाम झालं आहे की तालुक्याच्या महाविद्यालयात, वाचनालयात, मठात सर्व्हर असूच नये. हे काम विद्यापीठानं किंवा जिल्ह्यातल्या दहा-वीस संस्थांनी एकत्र येऊन करावं. अमरावती, नागपूर, गडचिरोली, अकोला, चारही ठिकाणी विद्यापीठं आहेत, तिथे वीज, थंडावा, इंटरनेट आणि संगणकाची माणसं आहेत. असं चालू शकतं याचा पुरावा आपल्यापुढे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ मध्ये पीएच.डी.चे प्रबंध डिजिटल रूपात देणं सक्तीचं केलं, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं चालवलेल्या शोधगंगेत ते जमा होतात. तिच्याखालीही डीस्पेसच आहे. फरक एवढाच की सर्व्हरची काळजी एका ठिकाणी घेतली जाते आणि जमा करण्याचं काम विद्यापीठा-विद्यापीठात होतं. प्रबंधांना जे जमलं ते आपल्या सहकारी संघांच्या अहवालांना, नगरपालिकेच्या ठरावांना, भुलाबाईच्या गाण्यांना का जमू नये?

यावर गावातून येणारा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. 'आमचं साहित्य त्यांच्याकडे गेलं म्हणजे ते त्यांचं झालं.' हा अनुभव विदर्भाला नवा नाही. कापूस आपला आणि गिरणी दुसरीकडे, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघितलं आहे. म्हणून सर्व्हर एकत्र करताना करारात स्पष्ट असावं की मूळ फायलींची मालकी त्या त्या संस्थेची, तिला हवं तेव्हा सगळं खुल्या रूपात परत घेता येईल, आणि एक पूर्ण प्रत तिच्या स्वतःच्या कपाटात राहील. सांभाळणाऱ्या लोकांत एक नियम रूढ आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. महानुभाव पंथानं पोथ्या अशाच वाचवल्या. रिद्धपूरला एक, दुसऱ्या मठात दुसरी, तिसरी आणखी कुठे. एका ठिकाणची गेली तरी ग्रंथ गेला नाही.

प्रत ठेवणं म्हणजे नुसतं डिस्कवर उतरवून घेणंही नव्हे. ए-फोर आकाराचं एक पान तीनशे डीपीआयनं, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके घेऊन, रंगीत स्कॅन केलं की कच्ची टिफ फाइल साधारण २६ एमबीची होते. दोनशे पानांची वही म्हणजे पाच जीबीच्या वर. कंत्राटदार त्याची दाबून छोटी पीडीएफ करून देतो आणि मूळ टिफ 'जागा खातात' म्हणून पुसतो. पुढे कधी मोडीचा जाणकार आला, त्याला अक्षर मोठं करून बघायचं असलं, तर पीडीएफमध्ये ठिपके दिसतात. टिफ जपल्या तरी दर सहा महिन्यांनी त्या शाबूत आहेत का ते तपासावं लागतं. प्रत्येक फाइलचा एक ठसा काढून ठेवता येतो. त्याला चेकसम म्हणतात. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. डीस्पेसमध्ये ही तपासणी आतच दिलेली आहे, पण ती वेळापत्रकावर कोणीतरी लावावी लागते आणि तिचा अहवाल कोणीतरी वाचावा लागतो. हा 'कोणीतरी' कोण, इथे येऊन प्रत्येक प्रस्ताव गप्प होतो.

आता नोंदीकडे येते, कारण माझा जीव खरं तर तिथे अडकला आहे.

मेटाडेटा हा शब्द मोठा वाटतो. ग्रंथालयातल्या कार्डाला आपण जे म्हणत होतो तेच हे: ही वस्तू काय आहे, कोणाची, कधीची, कुठली. १९९५ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी काही ग्रंथपाल आणि संगणकाचे लोक जमले आणि कोणत्याही वस्तूला लागू पडतील असे थोडे रकाने ठरवले. ते पुढे पंधरा झाले. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, तारीख, भाषा, व्याप्ती, हक्क वगैरे. त्याला डब्लिन कोअर म्हणतात आणि आयएसओनं ते १५८३६ या क्रमांकानं प्रमाण मानलं आहे. पंधरा रकाने शिकायला एक दुपार पुरते. त्यात काय भरायचं, हे शिकायला गाव ओळखावं लागतं.

भाषेचंच घ्या. डीस्पेसच्या मूळ अर्जात भाषा निवडायची जी यादी येते तिच्यात इंग्रजी, स्पॅनिश, जर्मन, फ्रेंच, इटालियन, जपानी, चिनी, पोर्तुगीज, तुर्की आहेत. मराठी नाही. एका फाइलमध्ये दोन ओळी वाढवल्या की मराठी येते, गोंडी येते, कोलामी येते, कोरकू येते. त्या दोन ओळी आमच्याकडे कोणी वाढवल्या नाहीत. नोंद करणारा मुलगा पानामागे पैसे घेणारा, त्यानं सगळीकडे इंग्रजीच ठेवली. म्हणून आमच्या संग्रहातले शेकडो मराठी कागद जगाच्या लेखी इंग्रजी आहेत. राष्ट्रीय पातळीवरच्या एखाद्या शोधयंत्रानं उद्या आमच्या नोंदी उचलल्या आणि कोणी 'फक्त मराठी' म्हणून गाळणी लावली, तर आम्ही तिथे नसणार.

किंवा 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. ह च्या आधी येणारा तो आडव्या कोरीसारखा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात नेहमीचा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. आमच्याकडच्या काही नोंदी फोनच्या कीबोर्डवरून झाल्या, काही कार्यालयातल्या जुन्या संगणकावरून. 'वऱ्हाड' शोधलं की निम्मे कागद येतात आणि निम्मे लपून राहतात. 'पऱ्हाटी' शोधलं तरी तेच. ज्या भूभागाचा हा संग्रह आहे त्या भूभागाचं नाव आणि तिथल्या मुख्य पिकाचं नाव, दोन्ही त्यात नीट सापडत नाहीत. सोलरला हे दोन शब्द एकच माना असा नियम शिकवता येतो. पण हा घोळ ओळखायला मराठी डोळा लागतो. बाहेरच्या कंत्राटदाराला तो दिसतच नाही.

जुन्या टंकांचा घोळ याहून मोठा. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले प्रबंध दिसायला मराठी, पण आत रोमन अक्षरांचा कचरा. ते शीर्षक उचलून नोंदीत चिकटवलं की कोणाला वाचता येत नाही. आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी छापलेल्या पुस्तकांत 'नांव', 'कांहीं', 'वऱ्हाडांतील' असे अनुस्वार असतात. हे अनुस्वार पुसायचे की ठेवायचे? माझं उत्तर: छापलं असेल तसंच शीर्षकात ठेवावं आणि आजच्या लेखनातलं रूप पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात द्यावं. दोन्ही हवेत. एक वस्तूशी इमान राखण्यासाठी, दुसरं आजच्या वाचकाला सापडण्यासाठी.

गावांच्या नावांत तर प्रत्येक वळणावर ठेच लागते. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर, एलिचपूर म्हणजे अचलपूर, इंग्रजी कागदातलं बासिम म्हणजे वाशीम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत यवतमाळ जिल्हा इंग्रजांच्या दप्तरात 'वून', म्हणजे आपल्या वणीच्या नावानं ओळखला जाई. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. १९७५ सालचा गोंदियाचा एखादा अहवाल कोणत्या जिल्ह्यात नोंदवायचा? त्यावर छापलंय भंडारा. शोधणारा टाकणार गोंदिया. आणि नुसतं 'लोणी' लिहिलं तर कोणती लोणी? बुद्रुक, खुर्द, कोणत्या तालुक्यातली? सरकारनं प्रत्येक गावाला एक सांकेतिक क्रमांक दिलेला आहे. तो व्याप्तीच्या रकान्यात लिहिला आणि सोबत जुनं-नवं दोन्ही नाव दिलं तर हा प्रश्न कायमचा मिटतो. क्रमांक शोधायला एक मिनिट लागतं. कोणती लोणी हे कळायला मात्र कागद आणून देणाऱ्या माणसाशी बोलावं लागतं.

तारखाही तशाच. शके १८५७ म्हणजे चैत्रापासून १९३५, पण त्याच वर्षाचा माघ-फाल्गुन १९३६ मध्ये जातो. निजामाच्या अमलातल्या कागदांवर फसली सन असतो, त्यात सुमारे ५९० मिळवावे लागतात. झाडीपट्टीतल्या नाटकांच्या पत्रकावर तर 'शनिवार, रात्री ठीक नऊ वाजता' एवढंच, साल नाहीच, कारण ते पत्रक त्याच आठवड्यात वाचायचं होतं. अशा वेळी छापलेली तारीख आणि आपण काढलेली तारीख वेगवेगळी लिहिली पाहिजे आणि कशावरून काढली तेही.

माणसांच्या नावांबद्दल थोडक्यात. गाडगेबाबा एका कागदावर 'डेबूजी झिंगराजी जानोरकर' आहेत, तुकडोजी महाराज 'माणिक बंडोजी इंगळे'. वऱ्हाडातल्या जुन्या पत्रात नुसतं 'भाऊसाहेब आले होते' असेल तर बहुधा ते पंजाबराव देशमुख, पण गावातले एखादे भाऊसाहेब पाटीलही असू शकतात. एका माणसाची सगळी नावं एका ठिकाणी बांधणारी यादी प्रत्येक महाविद्यालयानं वेगळी करू नये. ती विदर्भाची मिळून एक असावी. गावांची यादी, शक-फसलीचे नियम, लेखनाचे नियम, हे सगळं एकदाच बसून ठरवावं आणि सर्वांनी वापरावं. त्यासाठी नवं प्रमाण शोधायची गरज नाही, डब्लिन कोअरचे पंधरा रकाने पुरेत. रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहतंय. हे काम त्याच्या दारात नेऊन ठेवावं असं मला मनापासून वाटतं. ज्या भूमीत महानुभावांच्या सकळ या सांकेतिक लिपीतल्या पोथ्या होत्या आणि किल्ली माहीत नसल्यामुळे त्या पंथाबाहेरच्या कोणाला शतकानुशतकं वाचता आल्या नाहीत, तिथे नोंदीची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

मला नेहमी दोन सल्ले मिळतात. पहिला, 'मॅडम, सगळं ड्राइव्हवर टाका ना, सर्व्हर कशाला?' ड्राइव्ह कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर असतो. तो माणूस निवृत्त झाला, बदलून गेला, फोन हरवला, की खातं गेलं. तिथे रकाने नसतात, कायमचा पत्ता नसतो. दुसरा सल्ला, 'आता एआय करून देईल नोंदी.' छापील मराठी वाचायला यंत्राची मदत मी रोज घेते आणि ती खूप मोलाची आहे. पण ज्याचा फोटोच काढलेला नाही ती मागची बाजू यंत्र कशी वाचणार? आणि कोणती लोणी, कोणते भाऊसाहेब, हे ज्याला माहीत आहे तो माणूस अजून जिवंत आहे, पारावर बसलेला आहे. त्याला विचारायला जायला माणूसच लागतो.

तो माणूस नेमा, एवढंच तर मागणं आहे. ग्रंथपालांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवून, डिजिटल संग्रहाचं काम तासिका तत्त्वावरच्या किंवा कंत्राटी मुलाच्या गळ्यात घालून हे होणार नाही. तो मुलगा शिकतो, हात बसतो, आणि करार संपून जातो. जाताना सर्व्हरचा पासवर्डही त्याच्याच फोनमध्ये जातो. आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. अ, ब, क, ड वर्ग आणि त्यांचं अनुदान त्या काळाच्या गरजेप्रमाणे ठरलं. आज वाचनालयांनी आपल्या गावाचे कागद सांभाळावेत असं सरकारला वाटत असेल, तर त्या अनुदानात निगेचं स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं लागेल. आणि डिजिटायझेशनसाठी कुठूनही पैसा आला, आमदार निधीतून, विद्यापीठाकडून, एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून, तर त्यातला तिसरा हिस्सा पहिल्या वर्षी खर्चच करू नये. तो पुढच्या दहा वर्षांच्या निगेसाठी बांधून ठेवावा. त्यामुळे पानं कमी स्कॅन होतील. होऊ द्या. दहा हजार पानं सापडतील अशी ठेवली तर पन्नास हजार हरवलेल्या पानांपेक्षा ती गावाच्या जास्त कामाची आहेत.

कंत्राटाच्या अटीही बदलल्या पाहिजेत. पानामागे दर ठरवला की माणूस पानं मोजतो. दर नोंदीमागे ठरवा, आणि नोंद गावातल्या माणसानं तपासून सही केल्याशिवाय बिल काढू नका. कागद देणाऱ्या घरची संमती, कोणी काय बघावं याबद्दलचं त्यांचं म्हणणं, हेही हक्कांच्या रकान्यात आलं पाहिजे. कोलाम पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बायकांनी गायलेली गाणी त्यांना विचारल्याशिवाय जगाला खुली करणं मला मान्य नाही, प्रणाली कितीही खुली असो.

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. भाषेच्या यादीत मराठी घातली. वऱ्हाडचे दोन्ही र एक केले. दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी मी आणि दोन विद्यार्थिनी काही फोटो मोठे छापून घेऊन बाजारात बसतो. लोक थांबतात, चष्मा मागतात, बोटानं दाखवतात. मुली नाव लिहितात, सांगणाऱ्याचंही.

स्कॅन ००४७ ची नोंद आज अशी आहे. शीर्षक: जिनिंगच्या आवारातील मंडळी. तारीख: आजींच्या लग्नाआधीची, म्हणजे १९५८ पूर्वीची, सांगणाऱ्या त्या स्वतः. भाषा: मराठी. अकरापैकी सहा नावं लागली आहेत. अनवाणी उभ्या असलेल्या पोराबद्दल गावात दोन मतं आहेत: कोणी म्हणतं ते आजींचे धाकटे दीर, कोणी म्हणतं हमालाचा मुलगा, जो पुढे बडनेऱ्याला रेल्वेत लागला. दोन्ही लिहून ठेवलं आहे. बडनेऱ्याला त्याच्या घरच्यांपैकी कोणी आहे का, ते एक विद्यार्थिनी दिवाळीच्या सुटीत विचारून येणार आहे.